दार खालून कापायचं असतं

त्या गल्लीत उंच माणसाचा कुणाला हेवा वाटत नाही, कीव येते.

नाक्यावरची बेकरीवाली तर नवं उंच गिऱ्हाईक दिसलं की पावाआधी त्याला ताकीद देते, "डोकं सांभाळा हं." तो हसून आत शिरतो आणि कपाळ दगडावर आपटून घेतो. मग ती गल्ल्याशेजारी त्याच कामासाठी ठेवलेली ओल्या फडक्याची घडी पुढे करते. "सांगितलं होतं," ती म्हणते, "या गल्लीत शिरायचं तर सगळ्यांनाच नम्र व्हावं लागतं."

दारं मुळात बुटकी नव्हती. शहर जुनं, बंदराच्या भरभराटीच्या काळातलं. ज्यांनी ती दगडी घरं बांधली त्यांनी दारं अशी ठेवली होती की डोक्यावर पेटी घेतलेला हमालसुद्धा ताठ आत यावा. पण पुढे समुद्राला गल्लीची गोडी लागली. आधी तो लांबच्या पाहुण्यासारखा वर्षातून एखाददा यायचा, उंबऱ्यापाशी घुटमळून परत जायचा. मग येणं-जाणं वाढलं. मग तो न विचारता आत यायला लागला आणि घरच्यासारखा पसरून बसायला लागला. तेव्हा लोकांनी घरातली जमीनच वर उचलायला सुरुवात केली. राडारोडा भरायचा, धुम्मसने ठोकायचा, वर फरशी बसवायची. जमीन वीतभर वर आली की दार अडतं. मग दार कापायचं, आणि तेही खालून. वरचा दगड हलवता येत नाही, त्याच्या डोक्यावर वरचा मजला आणि त्याच्यावर छप्पर बसलेलं. आजोबांनी वीतभर कापलं, बापाने आणखी वीतभर. दारं अशी पिढ्यान्‌पिढ्या खालून झिजत गेली आणि घरातली माणसं वरून.

लांबून येणारे प्रवासी त्या दारांसमोर फोटो काढतात. एका बाईने बेकरीवालीला विचारलंही होतं, "पूर्वी इथे बुटकी माणसं राहायची का?" बेकरीवालीने पाव बांधता बांधता सांगितलं, "पूर्वी उंच राहायची. बुटकी आम्ही आत्ता होतोय."

ही कापाकापी ज्याच्या हातून व्हायची त्या सुताराला गल्ली 'बोटभर' म्हणायची. माणूस ताडमाड, शिडीला हातपाय फुटल्यासारखा, आणि नाव बोटभर. कारण कुणाचंही दार कापताना त्याचं एक वाक्य ठरलेलं असायचं.

"बोटभर जागा सोडायची."

"अहो, पण फटीतून वारा येईल."

"येऊ दे. वारा येतो नि जातो. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. तंतोतंत बसवलेलं दार नेमकं नको त्या वेळी अडून बसतं. माणसाचंही तसंच. आपल्या माणसाला जरा हलायला जागा ठेवावी."

दारं कापणं हे त्याचं एक काम. दुसरं पाणफळ्यांचं. पाणफळी म्हणजे दाराच्या चौकटीत दोन्हीकडे खाचा करून त्यांत वरून सरकवायची आडवी फळी, गुडघ्याएवढ्या उंचीची. भरती चढायला लागली की ती सरकवायची, कडांना रबराच्या पट्ट्या दाबायच्या आणि समुद्राला बाहेर उभं करायचं. गल्लीतली प्रत्येक पाणफळी त्याच्या रंध्याखालून गेलेली. बेकरीवालीची कोणती, घड्याळजीची कोणती, हे तो डोळे मिटून, नुसता हात फिरवून सांगायचा.

त्याची बायको त्याच्या निम्मी. म्हणजे अगदी निम्मी नव्हे, पण दोघं शेजारी उभी राहिली की लोकांना करवत आणि पटाशी आठवायची. ती वेताच्या खुर्च्या विणायची. पुढच्या खोलीत उजव्या बाजूला त्याचं सुतारकामाचं टेबल, डाव्या बाजूला तिचं बुटकं स्टूल, मध्ये भुसा आणि वेताच्या सालींची सरहद्द. सरहद्दीवरून दिवसभर बोलाचाली चालायची.

"तुमचा भुसा माझ्या बादलीत येतोय."

"तुझी बादली माझ्या हद्दीत येतेय."

वेत भिजवून मऊ केल्याशिवाय वळत नाही, म्हणून तिच्याजवळ कायम पाण्याची बादली असायची. पुढे पुढे बादलीची गरज कमी झाली. "वेत भिजवायला आता समुद्रच घरपोच येतो," ती म्हणायची. "पैसे घेत नाही, पण परतही लवकर जात नाही."

आता त्याने तिला दिलेला शब्द. सगळं पुढचं त्याच्यावरच अडलेलं आहे.

लग्न होऊन ती पहिल्यांदा त्या घरी आली तेव्हा तो वाट दाखवायला पुढे झाला, आणि नव्या नवरीसमोर रुबाबात ताठ चालायच्या नादात वाकायचं विसरला. कपाळ असं आपटलं की गल्लीच्या टोकाचं मांजर पळालं. ती हसली. इतकी हसली की उंबऱ्यावर बसावं लागलं.

"हसायला काय झालं? उद्या तुलाही लागेल."

"मला?" ती उठली, दारात चवड्यांवर उभी राहिली आणि हात वर केला, तेव्हा कुठे तिची बोटं वरच्या दगडाला टेकली. "मला लागायला मला आणखी एक बायको खांद्यावर घ्यावी लागेल."

तो टेंगूळ चोळत होता, पण खुशीत होता. खुशीतली माणसं सढळ हाताने शब्द देतात. "हे बघ," तो म्हणाला, "ज्या दिवशी तुला या दारात वाकावं लागेल, त्या दिवशी हे घर सोडू. तू म्हणशील तिथे जाऊ."

"शब्द?"

"शब्द."

चंद्र आणून देईन म्हणण्याइतकाच तो बिनधोक शब्द होता. त्याला वाटलं तसं.

मग संसार झाला. एक लेक झाली, ती शिकून टेकडीवरच्या दवाखान्यात औषधं द्यायच्या कामाला लागली आणि तिथेच वर राहायला गेली. खाली जमीन एकदा उचलली, पुन्हा उचलली. दर वेळी तो दार कापायचा आणि ती दारात उभी राहून डोक्यावर हात आडवा धरायची. चवड्यांवर उभं राहायची गरज संपली. मग हात वर करायची गरज संपली.

टेकडीवर जाऊ या, असं तिने सरळ एकदाच म्हटलं होतं. गुडघे दुखायला लागले होते, पायाच्या भेगा भरत नव्हत्या, विणलेल्या खुर्च्यांना आठवड्यात बुरशी धरत होती.

"वर कुणाच्या दारात पाणी येतं?" तो म्हणाला. "मला तिथे कोण बोलावणार? खिडकीत बसून खाली गल्लीकडे बघत राहीन. दोन महिन्यांत मला गंज चढेल."

"तुम्हाला गंज चढेल म्हणून मी इथे भिजत राहू?"

तो फळीला रंधा मारत राहिला, आणि ती फळी आधीच गुळगुळीत होती.

"बरं," ती म्हणाली. "मी आता पुन्हा म्हणणार नाही. पण तुम्ही शब्द दिलाय हं. मी वाट बघेन."

घराची जमीन आणखी एकदा उचलली त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी ती बादली घेऊन बाहेर निघाली आणि दारात थबकली.

"अहो, इकडे या. लागला."

"काय लागला?"

"दगड. डोक्याला."

तो कानाला पेन्सिल लावलेला तसाच आला, एक डोळा मिटून बघितलं. "डोक्याला कुठे? अंबाड्याला लागलाय."

"मग अंबाडा काय शेजारणीचा आहे?"

"अंबाडा धरायचा नाही. अंबाडा म्हणजे केस. डोकं म्हणजे हाड."

"शब्द देताना हाडाचं काही बोलला नव्हतात."

वाद गल्लीत गेला. न्यायाला गवंडी बसला. हा गवंडी सुताराचा जन्माचा जोडीदार. गवंडी जमीन उचलायचा, सुतार दार कापायचा. 'एक चढवतो, एक उतरवतो,' असं लोक म्हणायचे. त्याने बेकरीच्या पायरीवर बसून, चहाचा कप हातात घेऊन दोन्ही बाजू ऐकल्या.

"अंबाडा काढता येतो का? येतो. डोकं काढता येतं का? नाही. म्हणजे अंबाडा हा टोपीसारखा झाला. धरायचा नाही."

"भाऊजी, तुमची टोपी काढून उन्हात बसवू का तुम्हाला?"

"वहिनी, माझ्या टोपीखाली काही उरलेलं नाही. ते झाकलेलंच राहू द्या."

निकाल सुताराच्या बाजूने लागला. दुसऱ्या दिवसापासून तिचा अंबाडा बोटभर वर सरकला. बेकरीवालीने विचारलं तेव्हा म्हणाली, "वरून दाब आणतेय."

गल्ली हसली. सुतारही हसला. पण त्या दिवशी एक गोष्ट त्याच्या पोटात जाऊन बसली. आणखी एकदा जमीन उचलली की तिला वाकावं लागणार होतं. अंबाडा धरा नाहीतर सोडा.

तेव्हापासून त्याने आपल्या घराची जमीन उचलायचं नावच काढलं नाही.

सगळ्या गल्लीच्या जमिनी चढल्या. घड्याळजीची चढली, बेकरीची चढली, कोपऱ्यावरच्या शिंप्याची दोनदा चढली. ज्याने सगळ्यांची दारं कापली त्याचं घर गल्लीत सगळ्यात खोल राहिलं, आणि पाण्याचा पहिला मान त्या घराला मिळायला लागला. लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार.

"तुझी कधी उचलायची?" गवंडी विचारायचा.

"फरशी मनासारखी मिळू दे."

मग फरशी मिळाली. "लाकूड ओलं आहे, आत्ता दार कापलं तर वाकडं होईल."

मग लाकूड वाळलं. "पाहुणे येणार आहेत."

"कोण पाहुणे?"

"समुद्र," सुतार म्हणाला आणि हसण्यावारी नेलं. गवंडी हसला नाही. जन्मभर खालचंच बघत आलेल्या माणसाला कुठली जमीन कशामुळे खचते ते बरोबर कळतं.

तिने मात्र एकदाही विचारलं नाही. ती तिच्या बुटक्या स्टुलावर बसून वेत ओवत राहिली, पाय एका उलट्या खोक्यावर ठेवून. खोकं बुडालं की दुसरं त्याच्यावर चढवायची. गुडघे हनुवटीला लागायला आले तरी तिची बोटं चालूच असायची, एक पट्टी वरून, एक खालून.

आणि तो पाणी यायचा दिवस तर इतका साधा होता. आभाळ निळं, दोरीवरचे कपडे कडकडीत वाळलेले, आणि गल्लीत पाणी. हल्ली ते असंच यायचं, ना वादळ ना गाजावाजा, भरतीच्या जोरावर गटारांच्या जाळ्यांतून वर बुडबुडत यायचं. बेकरीवालीने सकाळीच हाक मारली, तिची पाणफळी खाचेत अडकत होती आणि आत भट्टी पेटलेली. सुतार पटाशी घेऊन धावला.

जाता जाता त्याने आपल्या दारात फळी सरकवली आणि आत वाकून म्हणाला, "आलोच."

"तुमचं 'आलोच' मला माहीत आहे. समुद्र तुमच्याआधी येतो."

बेकरी झाली, मग घड्याळजीने ओढून नेलं, मग शिंप्याची म्हातारी आई माडीवर चढवायची होती. फळीच्या बाहेरचं पाणी त्याने गल्लीभर अडवलं. त्याच्या स्वतःच्या घरात ते फळीवरून आलंच नाही. जमीन सगळ्यात खोल, ते मोरीतून वर आलं. फळीने ते आतल्या आत अडवून धरलं. बाहेरचं उतरलं तरी आतलं तसंच.

तो परत आला तेव्हा ती घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात बसून एका खुर्चीची शेवटची ओळ विणत होती. खोकी तरंगत पलीकडे गेली होती.

"अगं, फळी काढायची ना. पाणी निघून गेलं असतं."

"फुगलीय. मी ओढून बघितली. बोटभर जागा सोडायला विसरलात वाटतं."

ती चेष्टेत बोलली. पण त्याने फळीला हात घातला तेव्हा ती त्यालाही एका झटक्यात निघाली नाही. आपल्या घराची फळी त्याने घाईत, कुणाच्या तरी उरलेल्या तुकड्यातून केली होती आणि नंतर कधी तपासली नव्हती. दोन्ही पाय चौकटीला लावून त्याने ती उपटली. पाणी खळाळत बाहेर पडलं, सोबत भुसा, वेताच्या साली आणि तिची एक चप्पल.

तिने सांगितलं नव्हतं ते दोन दिवसांनी कळलं. पाण्याखाली वेताची चिप तिच्या तळव्यात घुसली होती. भेगांनी फाटलेल्या पायाला ते कळलंही नसेल, किंवा कळून तिने गिळलं असेल. पाय सुजून लाल झाला, ताप चढला. लेक टेकडीवरून उतरली, पाय बघितला आणि आईशी गोड बोलत, बापाकडे न बघता, तिचं बोचकं बांधलं. आईला रिक्षात बसवल्यावर मगच वळली.

"बाबा, गल्लीत कुणाच्या घरात पाणी शिरलं परवा?"

"कुणाच्या नाही. सगळ्यांच्या फळ्या टिकल्या."

"सगळ्यांच्या?"

तो आपल्या दारातली फळी उचलून बाजूला ठेवायला लागला.

"आई म्हणते, तुम्हाला काही बोलायचं नाही. म्हणून मी बोलत नाही," लेक म्हणाली. "पण तुमची जमीन का उचलली नाहीत हे मला कळत नाही, आणि आई सांगत नाही. म्हणजे तिला माहीत आहे."

रिक्षा चढावर लागली. तो आत गेला. वाकून गेला, नेहमीसारखा.

खोलीत तिचं स्टूल होतं तिथेच होतं. त्याच्यासमोर फरशीवर दोन पावलांएवढी जागा काळपट, बुळबुळीत झालेली. तिथे ती पाय ठेवायची. त्याने ती जागा फडक्याने पुसली. गेली नाही. मग तो तिच्या स्टुलावर बसला. इतका उंच माणूस इतक्या बुटक्या स्टुलावर म्हणजे घडीची खुर्चीच, पण बसला. समोर दार दिसत होतं. तिला इतकी वर्षं इथून ते रोज दिसत असणार. तिला वाकावं लागू नये म्हणून आपण दार जपलं, आणि पाय दिला समुद्राला. आपण तिला उभी ठेवली आणि बुडू दिली.

त्याने गवंड्याला हाक मारली.

"उचलायची."

गवंड्याने दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "विचार केलास ना? मग वहिनी वाकणार."

"नाही वाकणार. पाय कोरडा राहील एवढं उचलायचं आणि डोकं मोकळं राहील एवढं थांबायचं. मधे जी जागा आहे तेवढ्यात बसवायचं."

"तिची उंची?"

"ती माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लागते."

गवंडी मोठ्याने हसला. "तू नवरा मुलगा होतास तेव्हाचं बटण ते. आता पाठ वाकलीय तुझी, बटण खाली आलंय. त्या मापाने उचललं तर वहिनी धाडकन आपटतील."

"ती काय वाढत बसलीय का? ती पण उतरलीच असेल माझ्याबरोबर."

"उतरली असेल. पण किती, ते तुझ्या बटणाला कसं कळणार?"

शेवटी तिचा एक झगा खुंटीवर होता, तो आणला. खांद्यापासून खालची कड, वर मान आणि डोकं अंदाजाने. दोघांनी तो झगा दारात धरला, एकाने खांदे, एकाने कड, आणि मधे बेकरीवाली परातीसकट येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय? दोन बाप्ये आणि एक झगा?"

"माप घेतोय."

"थांबा." तिने परात खाली ठेवली, दारात उभी राहिली आणि हाताने आपल्या कानाच्या वर खूण केली. "इथपर्यंत लागते ती मला. रोज पाव द्यायला समोर उभी असते, मला नाही कळणार?"

सुताराने ती उंची एका काठीवर उतरवली आणि त्या मापाने काम सुरू झालं. गवंड्याने राडारोडा भरला, ठोकला, सपाटी तपासत फरशी बसवली. मोरीच्या तोंडाला झडप बसवली. सुताराने दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, टेबलावर आडवं घातलं आणि खालून कापलं. कापताना खालचा जुना, मऊ पडलेला, मिठाने पांढरा झालेला भाग सुटून पडला. तुकडा हातात घेतला तेव्हा तो भाकरीइतका हलका होता. दार पुन्हा चढवलं तेव्हा ते दारापेक्षा कपाटाला शोभलं असतं.

त्याला स्वतःला आता आत जाताना एक हात गुडघ्यावर ठेवून, मान तिरकी करून, आधी खांदा घालावा लागायचा. गवंडी म्हणाला, "पेटीत घडी करून ठेवल्यासारखा दिसतोस." सुतार म्हणाला, "माझं सोड. तिचं डोकं बघ." आणि मापाची काठी दारात उभी करून, तिच्या टोकापाशी चौकटीवर पेन्सिलीने खूण करून त्याने दाखवलं. वर बोटभर जागा उरत होती.

पाय बरा झाल्यावर ती आली. रिक्षा नाक्यावर थांबली, तिथून लेकीचा हात धरून सावकाश चालत. अंबाडा नव्हता. वर असताना लेक तिची साधी वेणी घालून द्यायची, तीच होती. गल्लीत प्रत्येकाला त्याच वेळी दारापाशी काहीतरी काम निघालं. घड्याळजी काच पुसत होता, शिंपी धागा ओवत होता आणि तो ओवला जात नव्हता.

सुतार दाराबाहेर उभा होता, धुतलेला शर्ट घालून.

"आलीस."

"आले." तिने दाराकडे बघितलं. मग वाकून नव्हे, नुसती नजर खाली नेऊन, आतली जमीन बघितली. "कोरडी आहे."

"कोरडीच राहील. मोरीलाही झडप लावलीय."

"दार कापलंत."

"कापलं. पण तू बघ, तुला..." त्याने पेन्सिलीची खूण दाखवली. "जागा ठेवलीय."

लेकीला काहीच कळत नव्हतं. ती एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. गवंडी मात्र टोपी काढून हातात घेऊन उभा होता, न्यायाला बसल्यासारखा.

ती लगेच आत गेली नाही. "तुम्ही आधी व्हा," ती म्हणाली.

"अगं, तू जा. तुझ्यासाठीच..."

"व्हा म्हणते ना."

तो पुढे झाला. हात गुडघ्यावर, मान तिरकी, आधी खांदा, मग पाठ, मग मागचा पाय ओढून घेत. पाठीचा कणा शर्टातून मण्यामण्याने दिसला. आत गेल्यावर त्याला सरळ व्हायला भिंत धरावी लागली. ती बघत होती. टेंगूळ चोळत खुशीत हसणारा तो उंच माणूस तिने याच दारातून आत जाताना पाहिला होता, आणि त्यानंतर तो रोज, दिवसातून कितीदा तरी, याच दारात वाकत आला होता. वाट ती बघत होती. वाकत तो होता.

मग ती दारापाशी आली. उंबऱ्यावर पाय ठेवला. ताठ उभी राहिली असती तर डोक्यावरून बोटभर मोकळी हवा गेली असती. गल्लीतल्या सगळ्यांना ते दिसत होतं.

तिने हात गुडघ्यावर ठेवला, मान तिरकी केली आणि अगदी त्याच्यासारखी, खांदा आधी घालून, वाकून आत गेली.

आत दोघं समोरासमोर उभी राहिली.

"वाकले," ती म्हणाली.

"बोटभर जागा होती."

"माहीत आहे. दिसत होती."

"मग?"

"शब्द माझ्या वाकण्याचा होता. जागेचा नव्हता."

बाहेरून गवंडी म्हणाला, "वहिनींचं बरोबर आहे. या वेळी अंबाडाही नाही." आणि टोपी डोक्यावर घातली.

सुताराने नव्या फरशीवरून पायाचा अंगठा फिरवला. "एवढी चांगली बसलीय," तो म्हणाला.

"बसलीय खरी," ती म्हणाली. "राहू दे तशीच. हत्यारं इथे ठेवा, सकाळी उतरून या, तुमच्या फळ्या सांभाळा. तुम्हाला कोण अडवतंय? पण संध्याकाळी पाठ टेकायला वर यायचं. मला गुडघे सरळ करून जेवायचंय आणि तुम्हाला ताठ उभं राहिलेलं बघायचंय. कधी बघितलं होतं ते आठवतही नाही."

"ताठ?" तो म्हणाला. "आता कुठला ताठ. फुगलेली फळी आहे मी."

"मग वाळवू उन्हात."

ती दोघं टेकडीवर राहायला गेली. लेकीच्या घरातल्या खिडकीतून गल्ली दिसते, आणि तिच्या पलीकडे समुद्रही दिसतो, तो दर वर्षी आणखी थोडा अलीकडे. तिचं बुटकं स्टूल त्या खिडकीत आहे. वेत भिजवायला पुन्हा बादली लागते, ती पिशवीभर भुसा आणायला सांगते आणि तो आणला की बादलीत येतोय म्हणून कुरकुर करते. तो रोज सकाळी पिशवी घेऊन उतरतो. पिशवीत तिने घातलेले जादा कोरडे मोजे असतात. फळ्या वाढल्यात, दारं कमी झालीत. शिंपी गेला, घड्याळजी जाणार आहे. बेकरीवाली म्हणते की भट्टी विझेपर्यंत ती हलणार नाही, आणि गवंडी म्हणतो की तिची जमीन आता आणखी उचलली तर पाव झोपून विकावे लागतील.

लेकीच्या घराचं दार उंच आहे. घोडेस्वार घोड्यासकट आत यावा एवढं. पहिल्या दिवशी तो त्याच्यापाशी आला, हात गुडघ्यावर ठेवला, मान तिरकी केली आणि खांदा आधी घालून वाकून आत गेला.

"बाबा," लेक म्हणाली, "वर सगळी मोकळी जागा आहे."

"हो का," तो म्हणाला, आणि वर बघून हसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाकला. तिसऱ्या दिवशीही.

लेक अजून त्याला रोज सांगते. आई सांगत नाही. संध्याकाळी तो चढ चढून येतो तेव्हा ती दारापाशी उभी असते, त्याच्या हातातली पिशवी घेते, आणि तो वाकला की तीही त्याच्याबरोबर थोडी वाकते, आणि मग दोघं आत जातात.